तेरणेच्या काठानं, सायकलवरून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलायला पंधरा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना मी पंधरा मिनिटं उभा राहिलो, तो बाकावर. त्यामुळं आज जमिनीवर उभं राहून बोलायला मिळतंय, याचा आनंद आहे.

संयोजकांनी विचारलं, ‘विषय काय?’ मी म्हटलं, ‘सायकल.’ ते म्हणाले, ‘आरोग्यावर बोलणार का?’ मी म्हटलं, आरोग्यावर बोलायला आपल्या तुकडीत तीन डॉक्टर आहेत आणि बाकीचे सगळे त्यांचे पेशंट. मी रस्त्यांवर बोलतो. आपल्या जिल्ह्यातल्या निवांत रस्त्यांवर.

या विषयाचं मूळ आपल्या ग्रुपवरच आहे. दोन वर्षांपूर्वी झुरिकला असलेल्या आपल्या मैत्रिणीनं तळ्याकाठी सायकल घेऊन उभी असल्याचा फोटो टाकला होता. मागं बर्फाचे डोंगर, खाली निळं पाणी, काठानं नागमोडी रस्ता. सगळ्यांनी अंगठे दाखवले. एकानं मात्र लिहिलं, ‘आपल्याकडं काय आहे? बाभळी आणि धुरळा!’ त्याचं नाव घेत नाही, तो दुसऱ्या रांगेत बसला आहे आणि आत्ता हसतो आहे.

मी त्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, तिकडं देशभर सायकलींसाठी क्रमांकांचे मार्ग आहेत. लाल पाटीवर सायकलचं चित्र आणि आकडा. नऊ नंबरचा मार्ग नुसता सरोवरांचा. जिनिव्हा सरोवराकाठच्या माँत्रोपासून निघायचं आणि तळ्यांमागून तळी ओलांडत कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या रोर्शाखला पोचायचं. जवळजवळ 500 किलोमीटर. आणि मग ती एक वाक्य बोलली, ते माझ्या डोक्यात बसलं. म्हणाली, ‘शाळेत असताना आम्हा मुलींपैकी एकीकडंही सायकल नव्हती. मी सायकल शिकले ती चाळिशीत, परक्या देशात.’

त्या दिवशी मी ठरवलं, की आपल्याकडच्या तळ्यांची एक यादी करायची. पाटी नसली तरी चालेल, वाट तर आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुण्याहून घरी परत आलो होतो, वेळ भरपूर होता. एक साधी गिअरची सायकल घेतली. पहिल्या दिवशी चार किलोमीटरवर दम लागला. परत येताना एक शेळ्या राखणारी आजी म्हणाली, ‘ढकलायचीच होती तर आणलीस कशाला?’ सुरुवात अशी झाली.

आता वाटा सांगतो. लिहून घ्या, कारण उद्या परीक्षा आहे.

पहिली वाट सगळ्यांना जमणारी. गावाजवळचा हातलादेवीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा तलाव, आणि तिथून पुढं धाराशिवची लेणी. आपल्या सहली तिथं गेल्या, पण आपण लेणी पाहिली नाहीत, डबे पाहिले. बालाघाटच्या कुशीत दीड हजार वर्षांच्या आसपासची ही लेणी आहेत. आत पार्श्वनाथाची मूर्ती आहे. कनकामर मुनीच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या ज्या लेण्यांचं वर्णन येतं, ती हीच, असं अभ्यासकांनी ओळखलं आहे. गावापासून आठएक किलोमीटर. शेवटचा टप्पा पायी. सकाळी सहाला निघालात तर लेण्यांच्या तोंडाशी ऊन पोचायच्या आत तुम्ही पोचता, आणि तिथं त्या वेळी पोपट आणि तुम्ही, एवढेच असता.

दुसरी वाट येडशीच्या रामलिंगाची. ही सांगताना एक सूचना. सोलापूर–धुळे महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 52, हा सायकलीचा रस्ता नव्हे. चौपदरी झाला, गाड्या सुसाट जातात. तिथं सायकल चालवण्यात शौर्य नाही, मूर्खपणा आहे. मी सायकल गाडीत टाकून येडशीपर्यंत नेतो आणि तिथून आत वळतो. येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून 1997 साली जाहीर झालेलं, बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे जंगल. आकारानं लहान, पण आपल्या उघड्याबोडक्या मुलखात एवढी सलग झाडी म्हणजे मोठीच गोष्ट. दरीत रामलिंगाचं देऊळ. जटायूची कथा तिथं सांगतात. श्रावणात गर्दी असते, म्हणून भाद्रपदात जा. धबधबा तेव्हाही चालू असतो आणि माकडं तेव्हा जरा सभ्य असतात.

तिसरी वाट तुळजापूरची. आई भवानीला आपण सगळे जातो, पण देवळातून बाहेर आलं की थेट गाडीत बसतो. गावाजवळ रामदरा तलाव आहे. संध्याकाळी त्याच्या काठानं एक फेरी मारून बघा. तिथून दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. महामार्ग टाळून खेड्यापाड्यांतून गेलात तर रस्ता लांबतो, पण दोन्ही बाजूंना तूर, ज्वारी आणि डोंगरावर पवनचक्क्या. नळदुर्गला बोरी नदी किल्ल्यातच अडवली आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाणी चांगलं आलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि आत महालात उभं राहिलं की पाण्याचा पडदा डोळ्यांसमोर असतो, अंगावर थेंब नाही. जवळच अणदूर. तिथला खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला असतो, काही महिने नळदुर्गला. देवसुद्धा या रस्त्यानं ये-जा करतो, मग आपल्याला काय झालं?

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडं सायकलीचे दिवस म्हणजे जुलैअखेर ते जानेवारी. काळ्या मातीच्या पाणंदीत पावसात शिरू नका. ती माती चाकाला आणि मडगार्डला अशी धरते, की सायकल तुमच्यावर बसते. वेड्या बाभळीचा काटा नव्या टायरमधूनही आत जातो, म्हणून पंक्चरचं सामान आणि छोटा पंप जवळ पाहिजे. पाण्याच्या दोन बाटल्या. दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. डोक्याला हेल्मेट, मागं लाल दिवा. आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहायचं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागचं त्या ड्रायव्हरला काही दिसत नाही, गाण्यामुळं काही ऐकू येत नाही. त्या आल्या की खाली उतरून उभं राहायचं. कमीपणा नाही त्यात. कुत्रं मागं लागलं तरी तेच, उतरून उभं राहायचं. पळणाऱ्याच्या मागं लागायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

आता चौथी वाट. तेरची. इथून माझं भाषण जरा वेगळ्या रस्त्याला लागणार आहे.

आपले भूगोलाचे सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल, पण नववीत तुम्ही एक प्रश्न घातला होता. ‘तुमच्या घरावर पडलेला पाऊस शेवटी कुठं जातो?’ मी उत्तर लिहिलं होतं, ‘गटारीत.’ तुम्ही ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि पुढची पंधरा मिनिटं मी बाकावर उभा होतो. सुरुवातीला म्हटलो, ती हीच पंधरा मिनिटं.

मग सरांनी फळ्यावर नकाशा काढला. म्हणाले, आपलं गाव बालाघाटच्या माथ्यावर आहे. गावातलं पाणी भोगावतीत जातं, भोगावती सीनेत, सीना भीमेत, भीमा कृष्णेत. पण तेरच्या बाजूला थोडं पुढं गेलं, की जमिनीचा कल बदलतो. तिकडचं पाणी तेरणेत, तेरणा मांजरेत आणि मांजरा गोदावरीत. म्हणजे तेरच्या रस्त्यानं जाताना तुम्ही एका नदीच्या राज्यातून दुसऱ्या नदीच्या राज्यात जाता, आणि तुम्हाला कळतही नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून आपला एक मित्र उठला. तुम्हा सगळ्यांना तो आठवतो. वसतिगृहात राहायचा. आपण त्याला नावानं कधी हाक मारलीच नाही, गावाच्या नावानंच मारायचो, ‘ए सास्तूर!’ तो म्हणाला, ‘सर, माझ्या घरचं पाणी तेरणेत जातं.’ सर म्हणाले, ‘बरोबर.’ मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, ‘आणि या बाकावरच्या गटारमहाशयांचं गाव तेरच्या रस्त्याला आहे. त्याच्या गावचं पाणीही तेरणेतच जातं. ते वाहत तुझ्याच गावाकडं येतं.’ वर्ग हसला. त्या दिवसापासून आमची दोघांची मैत्री झाली. तो मला म्हणायचा, ‘तुमच्या गावचं पाणी आम्ही पितो, जरा स्वच्छ आंघोळ करत जा.’

त्याच्याकडं बावीस इंची काळी सायकल होती. वडिलांनी दोन शेळ्या विकून जुनी घेऊन दिलेली. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. त्या शेळीवर किती जणांची शिक्षणं झाली, याची मोजदाद कुणी केलेली नाही. 1984 च्या मार्चमध्ये आपली दहावीची परीक्षा होती. माझं गाव इथून नऊ किलोमीटर. सकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी त्यानं सायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ‘मी तर वसतिगृहातच आहे, मला काय करायची? परीक्षा झाली की दे.’

त्या सायकलवर मी दहावीचे सगळे पेपर दिले. परीक्षा संपली, तो गावी गेला. जूनमध्ये भेटू म्हणालो होतो. मी अकरावीला लातूरला गेलो, सायकल घेऊन. तो पुढं शिकला नाही, घरच्या शेतीत लागला. दोन वर्षं सायकल माझ्याकडं होती. बारावीनंतर पुण्याला डिप्लोमाला नंबर लागला, आणि अनामत रकमेला पैसे कमी पडले. मी ती सायकल लातूरला विकली. एकशे चाळीस रुपयांना.

मित्रांनो, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तुम्ही मला ‘सज्जन माणूस’ म्हणता, म्हणून तुमच्यासमोरच सांगितली पाहिजे.

त्यानं सायकल कधी मागितली नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्याचं एक पोस्टकार्ड आलं. माकणीला तेरणेवर धरण झालं होतं, पाणी साठलं होतं. त्यानं लिहिलं होतं, ‘तुझ्या गावचं पाणी आमच्याकडं येऊन थांबलंय. बघायला ये. सायकलवरच ये.’ ते ‘सायकलवरच ये’ वाचलं आणि मला उत्तर लिहिता आलं नाही. म्हटलं, पगार साठला की नवी सायकल घेऊ आणि मगच जाऊ. पगार झाला, लग्न झालं, घर झालं. सायकल राहिली.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. हे वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. थंडी-उन्हापासून ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या राखलं, तेच घर अंगावर आलं. किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्या सकाळी जगानं ऐकली. मी पुण्यात रेडिओवर ऐकली. आठ दिवसांनी कळलं, की तो, त्याची बायको आणि आईवडील, सगळे गेले.

तुमच्यातले काही जण तेव्हा मदतीला गेले होते. ढिगारे उपसले, मला ठाऊक आहे. मी गेलो नाही. कामाचं कारण सांगितलं. पुढंही गेलो नाही. उमरग्याला लग्नाला गेलो, सोलापूर–हैदराबाद रस्त्यानं कितीदा गेलो, पण त्या फाट्याला वळलो नाही.

आता तेरच्या वाटेकडं येतो. परत आल्यावर मी सायकलवर सगळ्यात जास्त वेळा गेलो तो रस्ता हाच. पावसाळ्यात जाताना उतार आणि वारा पाठीशी. येताना चढ आणि वारा तोंडावर. तेव्हा जाताना फार खूश होऊ नका. वाटेत तो पाणी दुभागणारा माथा लागतो. खूण काहीच नाही, एक लिंब आहे, तिथं मी दर वेळी दोन मिनिटं थांबतो. मग तेर. गोरोबाकाकांची समाधी, नदीकाठ, विटांचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक नावाड्यानं लिहिलं, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं गाव आहे आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात येतो. ते तगर म्हणजे आपलं तेर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर या मातीतून वेचलेल्या वस्तू तिथल्या संग्रहालयात आहेत. त्यात एक हस्तिदंती बाहुली आहे. तशाच घडणीची एक इटलीत पाँपेईला सापडली. आपण लहानपणी बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीला मोठा प्रवास समजत होतो. आपल्या पूर्वजांचा माल रोमला जात होता.

तेरजवळ तेरणेवरचा जुना तलाव आहे. त्याच्या बांधावर बसून मी डबा खायचो आणि परत फिरायचो. असं वर्षभर केलं. एकदा तिथंच बसलो असताना लक्षात आलं, की हे पाणी इथून खाली जातं ते थेट माकणीला. मी दर आठवड्याला त्याच नदीशी येतो आणि तिची पुढची वाट टाळून परत जातो.

मागच्या ऑक्टोबरमध्ये मुलाच्या गाडीत सायकल टाकली आणि लोहाऱ्याला उतरलो. मुलाला म्हटलं, तू जा, मी संध्याकाळी फोन करतो. तिथून माकणीची वाट. सोयाबीन काढून झालं होतं, रस्त्याच्या कडेला बुस्काटाचे ढीग. वाहन क्वचित. माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प दिसला आणि मी उतरलो. एवढं पाणी आपल्या जिल्ह्यात आहे, हे माणूस विसरून जातो. दुष्काळात याच तलावाचा तळ भेगाळलेला मी वर्तमानपत्रात पाहिला होता. त्या दिवशी तो काठोकाठ होता. पलीकडचा काठ धूसर दिसत होता, बगळे होते, वारा होता. झुरिकच्या फोटोत जे होतं त्यातलं बर्फ सोडून सगळं होतं. पण मला पाण्याकडं फार वेळ बघवलं नाही. ‘बघायला ये’ म्हणणारा नव्हता.

गाडी असती तर मी तिथूनच वळलो असतो, खरं सांगतो. काच वर करून, गाणी लावून. सायकलवर तसं होत नाही. एक पायडल मारलं की दुसरं मारावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मनाची थोडी थोडी तयारी होते. असाच पोचलो सास्तूरला.

नवं गाव रुंद रस्त्यांचं, सरळ ओळींत बांधलेलं. भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, बायाबापड्या पोरं घेऊन बसल्या होत्या. चहाच्या टपरीवर त्याचं नाव सांगितलं. खरं नाव. चहावाल्यानं पोरगं पाठवून एकाला बोलावून आणलं. तो त्याचा धाकटा भाऊ. भूकंपाच्या रात्री शेतात राखणीला झोपला होता, म्हणून वाचला. आता केस पांढरे झालेत, उभं राहण्याची ढब मात्र अगदी तीच.

मी नाव सांगितलं. तो लगेच म्हणाला, ‘म्हणजे दादाची सायकल तुमच्याकडं होती, ते तुम्हीच?’

मी मान हलवली. तो म्हणाला, ‘बरं झालं तुमच्याकडं राहिली. घरी असती तर ढिगाऱ्याखाली गेली असती. आमच्याकडं त्याची एक वस्तू नाही, फोटोसुद्धा नाही. आहे का अजून?’

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते मी एकतीस वर्षं शोधत होतो. पण खरं सांगायला फार वेळ लागला नाही. म्हटलं, ‘नाही. विकली मी. फीला पैसे नव्हते.’

तो गप्प राहिला. चहा आला. त्यानं बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, ‘बापानं शाळेसाठी घेतली होती. शाळेलाच लागली, म्हणायची.’

एवढंच. त्यानं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तो तसं काही म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. पण घरी नेलं, जेवू घातलं. निघताना त्याची नात शाळेतून आली, सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलवर. तिच्या मैत्रिणीला मिळाली नव्हती, ती मागं कॅरिअरवर बसून आली होती.

घरी आल्यावर आपल्या शाळेचा एक फोटो होता, सहलीचा, लेण्यांपाशी काढलेला. त्यात तो मागच्या ओळीत उभा आहे, अर्धा चेहरा सरांच्या टोपीमागं. मी तो मोठा करून घेतला आणि पुढच्या महिन्यात नेऊन दिला. पुन्हा सायकलवरच. तुमच्यापैकी कुणाकडं त्याचा पूर्ण चेहरा असलेला फोटो असेल तर कृपा करून शोधा. ट्रंका उघडा, अल्बम चाळा. या भाषणात मला जे मागायचं आहे, त्यातलं पहिलं हेच.

दुसरं मागणं. आपण मेळाव्याच्या उरलेल्या पैशांतून शाळेला काहीतरी द्यायचं म्हणतोय. घड्याळ, खुर्च्या, फलक अशी चर्चा चालू आहे. माझी विनंती आहे, की दर वर्षी जूनमध्ये दोन सायकली द्याव्यात, लांबून चालत येणाऱ्या आणि कोणत्याही योजनेत न बसलेल्या मुलींना. कुणाला द्यायच्या, ते वर्गशिक्षकांनी ठरवावं. वर आपली नावं नकोत. झुरिकवाल्या मैत्रिणीनं पहिल्या दोन सायकलींचे पैसे आधीच कबूल केले आहेत. पुढच्या दोन माझ्या. त्यातली एक माझी देणगी नाही, ती फेड आहे. एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

तिसरं मागणं नाही, आमंत्रण आहे. उद्या सकाळी सहा वाजता शाळेच्या फाटकाशी या. सात सायकली मी जमवल्या आहेत, बाकीच्यांनी आपापल्या आणाव्यात. हातलादेवीपर्यंतच जायचं आहे, ज्यांना दम लागेल त्यांनी ढकलावी, शेळ्यांच्या आजीचा टोमणा फुकट मिळेल. ‘बाभळी आणि धुरळा’ लिहिणाऱ्यानं सगळ्यांच्या पुढं राहायचं आहे.

सर, तुम्ही सायकलवर येणार नाही हे ठाऊक आहे. तुमच्यासाठी गाडी सांगितली आहे. मात्र त्या तलावापाशी उभं राहून तुम्ही आम्हाला पुन्हा एकदा सांगायचं, की हे पाणी कुठं जातं. या वेळी मी उत्तर बरोबर देईन.